पोटापाण्याच्या गोष्टी

कादंबरीतला नायक पोट कशावर भरतो हे कळेपर्यंत माझा जीव त्याच्या प्रेमप्रकरणात रमत नाही. याला कुणी अरसिकपणा म्हटलं तरी माझी ना नाही. सुरुवातीच्या पानांत कुणी अंगण सारवतंय, कुणी खतावणी लिहितंय, कुणी दुकानाच्या फळ्या काढतंय, असं काही दिसलं की मी उशी पाठीशी घेऊन ऐसपैस बसतो. त्याऐवजी नुसतीच पश्चिमेची लाली आणि नायिकेच्या उडत्या बटा आल्या, की प्रकरण कुठे संपतंय ते चाळून बघतो.

‘रॉबिन्सन क्रूसो’मधलं वादळ मला फारसं आठवत नाही. आठवतं ते फुटक्या जहाजावरून त्याने तराफ्यावर लादून आणलेलं सामान, त्यातली सुताराची पेटी. मग त्याची मडकी. उन्हात ठेवली की तडकणारी, वेडीवाकडी, कशाच्या उपयोगाची नसलेली. पुस्तक 1719 सालचं. पण त्याचं मडकं एकदाचं विस्तवात भाजून पक्कं निघतं, तेव्हा अजूनही हुश्श होतं.

‘बनगरवाडी’वर तर माझा जीवच आहे. 1955 साली पुस्तकरूपात आलेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी एका शाळामास्तराच्या नोकरीपासून सुरू होते. शाळा आहे, पण पोरं रानात मेंढरांमागे. तेवढ्यावरून वाडीचा अख्खा संसार कळतो. त्यात शेकू नावाचा गडी आहे. औताला बैल एकच, दुसऱ्याची सोय लागत नाही, आणि शेतीचं काम तर कुणासाठी थांबत नाही. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली उभी राहते. नवरा-बायकोच्या नात्यावर एवढं बोलणारं दुसरं काही मी क्वचितच वाचलं असेल, आणि तिथे ‘प्रेम’ हा शब्द लागत नाही. लेखक डोळे पुसायला थांबत नाही. ते काम वाचकाकडे येतं.

माणसाला कामाला लावलं की लेखकाची विशेषणं वाचतात. चोख कोण, अंगचोर कोण, कुणाचा हात आखडता, हे सांगावं लागत नाही. शिवाय कामाला ऋतू असतो, वेळ असते, त्यामुळे गोष्टीत काळ आपसूक शिरतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (1960) शिंप्याचं घर आहे, नवऱ्याचा धंदा बसलेला आहे आणि कौतिक कंबर कसून संसार ओढते आहे. तिची वऱ्हाडी बोली कानाला गोड लागावी म्हणून पेरलेली नाही. ती तिच्या कष्टांतूनच बाहेर पडते. त्या घरातली प्रत्येक अडचण रुपया-आण्यांत मोजता येते, म्हणून तिचा चटका बसतो.

ना. सी. फडके मीही रात्र-रात्र जागून वाचले आहेत. ‘प्रतिभासाधन’ लिहून कथेच्या तंत्राचा धडा घालून देणारा हा लेखक गाठ अशी मारतो की पुस्तक खाली ठेवणं अवघड. पण गाठ सुटली की माझ्या हातात दोरीही उरत नाही. त्या देखण्या माणसांना महिनाअखेर कधी येते की नाही, ही शंका मात्र मागे राहते.

माझा हा हट्ट पुरता मोडला तो विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने. 1939 सालची कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, आणि बोटीवर कुणालाच काही काम नाही. मुंबईला उतरणारा चक्रधर, आणि पुढे जाणं भाग असलेली ज्यू हॅर्टा. नुसतं प्रेम, तेही बंदर येईपर्यंतचं. तरी ती मला सोडत नाही. पुन्हा वाचताना कारण कळलं: त्या ज्यू प्रवाशांची घरं, धंदे, देश, सगळंच हिसकावून घेतलेलं आहे. डेकवर रिकामे बसलेले ते हात बघवत नाहीत.

हल्ली काम दिसेनासं झालंय, माणूस पडद्यापुढे बसून असतो, त्याचं लिहिणार काय, असं लेखकमित्र म्हणतात. मला ते पटत नाही. पाठीला चौकोनी पिशवी लावून सोसायटीचे जिने चढणारं पोर रोज दारात येतं. त्याला लिफ्ट कुठल्या इमारतीत बंद असते, पेट्रोलचे पैसे वजा जाता हातात काय उरतं, पावसात ऑर्डर भिजली तर भुर्दंड कुणाला, हे ज्याला ठाऊक असेल त्याने खुशाल लिहायला बसावं. तंत्र मागाहून येईल.