पंगतीपासून संसदेपर्यंत

आपल्या धर्मग्रामांनी धर्मगुरू दिले, धर्मभगिनी दिल्या, शिक्षक आणि परिचारिका दिल्या. लोकप्रतिनिधी मात्र फारच थोडे दिले. राजकारण हा आपला प्रांत नव्हे, अशी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. निवडणूक आली की उमेदवार वस्तीवर येतो, चार आश्वासने देतो आणि आपण मत टाकून मोकळे होतो. अशा वेळी मला जॉर्ज फर्नांडिस यांचे स्मरण होते. गुरुविद्यालयातून बाहेर पडलेला एक कॅथलिक तरुण मुंबईचा नगरसेवक होतो आणि पुढे देशाच्या संसदेत जातो, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जायला हवी होती. ती सांगितली गेली नाही, याची काही कारणे त्यांच्या जीवनात आहेत, तर काही आपल्यातच आहेत.

३ जून १९३० रोजी मंगळूर येथे एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू व्हावे म्हणून सोळाव्या वर्षी त्यांना बंगळूरच्या सेंट पीटर्स गुरुविद्यालयात पाठवण्यात आले. तेथे ते दोन-अडीच वर्षे राहिले. बाहेर का पडलात, असे विचारले असता ते पुढे सांगत, की तेथील वरिष्ठांचे जेवण विद्यार्थ्यांपेक्षा चांगले असे आणि त्यांची मेजेही उंचावर मांडलेली असत. ज्याने गुरुविद्यालयाच्या भोजनगृहात आपली उमेदीची वर्षे काढली आहेत, त्याला हे कारण क्षुल्लक वाटणार नाही. प्रभू येशू जकातदारांच्या पंगतीला बसला, हे आपण वेदीवरून सांगतो. एका तरुणाने ते खरे मानले आणि आपल्याच घरात पंगतीतला भेद पाहून तो निघून गेला.

१९४९ च्या सुमारास ते मुंबईस आले. प्रारंभी चौपाटीच्या बाकांवर झोपावे, पोलिसाने उठवले की दुसरी जागा शोधावी, असा क्रम होता. पुढे एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाचे काम मिळाले. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या सहवासात ते कामगार चळवळीत आले. राममनोहर लोहियांच्या समाजवादाने त्यांना वैचारिक बैठक दिली. १९५८ मध्ये डिमेलो निवर्तले आणि पुष्कळसा भार या तरुणाच्या खांद्यावर आला. महापालिकेचे कामगार, टॅक्सीचालक, उपाहारगृहांत राबणारी मुले यांना त्यांनी संघटित केले. संपाची हाक दिली की मुंबई थांबत असे. गुरुविद्यालयातील लॅटिनखेरीज कोकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी अशा कित्येक भाषा त्यांना येत. ज्याचे दुःख त्याच्याच भाषेत ऐकण्याची ही सिद्धता होती.

१९६१ साली ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले. नगरसेवकाचे काम दिसायला लहान असते. नळाला पाणी आले की नाही, गटार तुंबले का, सफाई कामगाराला वेळेवर पगार मिळाला का, हे त्याचे विषय. परंतु ज्याच्या दारातून सांडपाणी वाहते, त्याला सरकार म्हणजे प्रथम तेच असते. महापालिकेच्या सभागृहात जॉर्ज यांनी कष्टकऱ्यांचे हे प्रश्न सातत्याने मांडले. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईतून त्यांनी स. का. पाटील यांच्याविरुद्ध उमेदवारी केली. पाटील हे मुंबईचे माजी महापौर आणि केंद्रीय मंत्री. त्यांचा पराभव अशक्य मानला जात असे. तो मतदारांनी शक्य करून दाखवला. सहा वर्षांचे वॉर्डातील काम एकाएकी दिल्लीपर्यंत पोहोचले.

पुढचा प्रवास बहुश्रुत आहे. १९७१ मध्ये मुंबईतच पराभव, मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप, आणीबाणीतील भूमिगत जीवन, १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात अटक. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचे बंधू लॉरेन्स यांचा पोलिसांनी अमानुष छळ केला. १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरच्या मतदारांनी त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि दुर्लक्षित किनारपट्टीला रूळ मिळाले. संरक्षणमंत्री असताना ते पुनःपुन्हा सियाचेनला गेले. दिल्लीतील त्यांच्या निवासस्थानाचे फाटक त्यांनी काढून टाकले होते.

आणि तरीही, आपल्या समाजाचे मन त्यांच्याविषयी दुखावले. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना जिवंत जाळण्यात आले. तेथे गेलेल्या मंत्र्यांच्या पथकाचे प्रमुख जॉर्ज होते. त्या पथकाला या कृत्यात आंतरराष्ट्रीय कारस्थान दिसले. २००२ मध्ये गुजरातच्या हिंसाचारावरील चर्चेत लोकसभेत त्यांनी केलेले भाषण अनेकांना असह्य झाले. ख्रिस्ती म्हणून त्यांनी आपली बाजू घ्यावी, अशी अपेक्षा मी करत नाही. लोकप्रतिनिधी हा सर्वांचा असतो. परंतु जो पंगतीतल्या भेदाने अस्वस्थ झाला होता, त्याने पीडितांच्या शेजारी बसावे, एवढी अपेक्षा रास्त होती. चौपाटीचा बाक दूर राहिला आणि मंत्रिपदाची खुर्ची जवळ आली की काय होते, याचा हा धडा आहे. तो प्रत्येक सत्ताधाऱ्याला लागू आहे. धर्मगुरूच्या खुर्चीलाही लागू आहे.

२९ जानेवारी २०१९ रोजी दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या गुणदोषांचा हिशेब प्रभूपाशी आहे. आपला हिशेब वेगळा आहे.

शिर्डीत बसून हा हिशेब मांडताना एक कटू सत्य समोर येते. शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या दलित समाजातून आलेली आहेत. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना तो नाही. म्हणजे आपला मुलगा येथे खासदारासाठी मत देऊ शकतो, परंतु आपला बाप्तिस्मा उघडपणे सांगून येथूनच उमेदवार होऊ शकत नाही. कित्येक घरांनी यामुळे कागदावर एक आणि अंतःकरणात एक धर्म ठेवला आहे. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांची वेदना समजून घ्यावी. हा राष्ट्राच्या पंगतीतला भेद आहे आणि तो दूर व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने झगडणे हे आपले कर्तव्य आहे.

पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा आणि नगरपालिकेचा खुला प्रभाग आपल्याला बंद नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या माता-भगिनींनी त्यांतील खुल्या जागांचा विचार का करू नये? लाखो यात्रेकरू येणाऱ्या या नगरीत पाणी, कचरा आणि निवारा यांचे प्रश्न रोज उभे असतात. ते सोडवण्यासाठी सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांबरोबर बसणे, हीही प्रभूची सेवा आहे. लोकांच्या हितासाठी सार्वजनिक पद स्वीकारणाऱ्यांचे काम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच गौरवले आहे.

आपल्या धर्मग्रामातून असा कोणी तरुण किंवा तरुणी पुढे आली, तर तिला आपण दोन गोष्टी द्याव्यात. पहिली, आपल्या पंगतीत सन्मानाची जागा, म्हणजे तिला आपल्याला सोडून जावे लागणार नाही. आणि दुसरी, ती कितीही उंच गेली तरी तिला खाली बोलावण्याचा आपला हक्क.