चार पिढ्या, एक दिवस आणि ऑर्का

सॅन दिएगोचं सी वर्ल्ड म्हणजे पेंग्विन, डॉल्फिन, रोलर कोस्टर आणि फुल्ल टू धमाल! पण सोबत ८१ वर्षांची मालवणी आजी असेल तर दिवस जरा वेगळाच जातो.

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात एप्रिल ते सप्टेंबर हा ‘आई-बाबा सीझन’ असतो. बॅगांमधून भाजणी, मेतकूट आणि कोकमं बाहेर पडतात, जेट लॅग उतरतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून घरात एकच यक्षप्रश्न असतो, या वीकेंडला यांना न्यायचं कुठे? मॉलमध्ये बाबा डॉलरचे रुपये करत बसतात. म्युझियममध्ये पोरं कंटाळतात. ट्रेक म्हटलं की आईचे गुडघे आधी उत्तर देतात.

आमच्याकडे गेल्या मे महिन्यात तर डबल धमाका होता. आई-बाबांबरोबर बाबांची आई, म्हणजे माझी आजी, आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीची पणजी, पहिल्यांदाच विमानात बसून आली होती. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात आजीचा जन्म गेला. चार पिढ्यांना एकाच दिवशी खूश ठेवायचं म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचीही परीक्षाच! शेवटी मतदान झालं आणि सी वर्ल्ड बहुमताने पास झालं.

बाबांच्या मताला मात्र वेगळा वास होता. आमच्या गावाकडे, तोंडवळी-वायंगणी परिसरात असंच ‘सी वर्ल्ड’ उभारायचं घाटत होतं. २०१४-१५च्या सुमारास त्याच्या बातम्या पेपरात सतत यायच्या. गावकऱ्यांचा विरोध होता आणि माझे काका त्यात पुढे होते. बाबा मात्र दादरच्या घरात बसून फोनवर सांगायचे, “अरे, रस्ते होतील, पोरांना नोकऱ्या मिळतील!” काका म्हणायचे, “आणि जमीन खंयसून आणतलंस?” दोघा भावांचं या विषयावर जे बिनसलं, ते आजपर्यंत पूर्ण जुळलेलं नाही. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही, पण भांडण अगदी पक्क्या पायावर उभं आहे. त्यामुळे बाबा सी वर्ल्डला निघाले होते ते पुरावा गोळा करायला.

खोट्या खाडीतली खरी गर्दी

डाउनटाउनपासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर मिशन बे लागते. स्पॅनिश दर्यावर्दींनी हिला ‘खोटी खाडी’ असं नाव दिलं होतं. दलदल उपसून, बेटं तयार करून विसाव्या शतकात इथे भलंमोठं जल-उद्यान झालं आणि त्याच्या काठावर २१ मार्च १९६४ रोजी पहिलं सी वर्ल्ड उघडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकलेल्या चार मित्रांची ही आयडिया. नंतर ऑर्लँडो, सॅन अँटोनियो आणि २०२३मध्ये अबू धाबी अशा शाखा फुटल्या.

मे महिन्यात सकाळी इथे आकाश राखाडी असतं. याला इथले लोक ‘मे ग्रे’ म्हणतात. आजीने नऊवारीवर माझं जॅकेट चढवलं, वर लेकीची गुलाबी टोपी घातली आणि भाड्याच्या व्हीलचेअरवर अशी काही बसली, की गेटवरच्या दोघा-तिघांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. पहिला शो आमचाच हिट!

आत शिरल्यावर समोरच उथळ टाक्यांमध्ये हात घालून मासे बघायची सोय आहे. हात आधी स्वच्छ धुवायचे, दोन बोटांनी हळूच स्पर्श करायचा. लेक जरा घाबरत होती. आजीने खुर्चीतूनच वाकून पाण्यात पाहिलं आणि चेहरा उजळला. “गो, ही तर मोरी!” बांबू शार्कचं छोटं पिल्लू आरामात तळाशी पडलं होतं. शेजारून एक पाकट पंख हलवत गेली, तिचंही नाव आजीने लगेच सांगितलं. मग मोरीचं सांबारं कसं करायचं, मसाल्यात काय काय, हे तिने पणतीला तिथेच समजावून सांगितलं. तिथल्या स्वयंसेवक मुलीने विचारलं, “आजी काय म्हणतायत?” मी म्हटलं, “त्यांना शार्क फार आवडतात.” खोटं काहीच नव्हतं त्यात.

पेंग्विनच्या दालनात बर्फ, थंडी आणि माशांचा घमघमाट आहे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून काचेपलीकडची ही सभ्य मंडळी बघायची. अंटार्क्टिकाच्या बाहेर एम्परर पेंग्विनची पिल्लं पहिल्यांदा जन्मली ती इथेच. आईचं मत असं पडलं, की सगळे लग्नाच्या हॉलबाहेर वरातीची वाट बघणाऱ्या सासऱ्यांसारखे दिसतात. त्यानंतर मला पेंग्विन वेगळे दिसेनात.

दुपारी बाबा आणि माझा नवरा ‘मांता’ या रोलर कोस्टरवर बसले. बाबा उतरले तेव्हा केस उभे, चश्मा खिशात आणि आवाज गायब. दोन मिनिटांनी पहिलं वाक्य आलं, “पुन्हा जाऊ या का?” सासरा-जावई नातं इतकं घट्ट मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

आजीचा एक प्रश्न

गुडघेवाल्यांसाठी बेस्ट जागा म्हणजे स्कायटॉवर. १९६९मध्ये बांधलेला ३२० फुटी मनोरा. बसायचं आणि गोल फिरत फिरत वर जायचं. एका बाजूला डाउनटाउनच्या इमारती, दुसऱ्या बाजूला मिशन बेच्या बोटी, आणि त्यापलीकडे थेट पॅसिफिक. इतक्या जवळ, की लाटांच्या पांढऱ्या रेघाही दिसतात. खाली निळी निळी तळी होती, त्यातल्या सर्वांत मोठ्या तळ्यात काळे ठिपके फिरत होते. आजीने बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्येंका थंयसून समुद्र दिसता काय गो?”

कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. बाबांनी घड्याळ बघितलं आणि ऑर्काच्या शोची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

ऑर्का म्हणजे काळा-पांढरा ‘किलर व्हेल’. नावात व्हेल असलं तरी हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. एकेकाळी इथला सुपरस्टार होता ‘शामू’. मूळ शामू १९६५मध्ये आली आणि १९७१मध्ये गेली, पण नाव इतकं चाललं, की पुढच्या ऑर्कांनाही तेच चिकटलं. संगीत, रोषणाई, ट्रेनरबरोबर कसरती, असा तो जमाना होता. मग २०१३मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला, बंदिस्त ऑर्कांवर प्रचंड वाद पेटला, प्रेक्षक रोडावले. मार्च २०१६मध्ये कंपनीने ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तसा कायदाही केला. सॅन दिएगोतला जुना नाट्यमय शो जानेवारी २०१७मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी ‘ऑर्का एन्काउंटर’ आला. यात मोठ्या पडद्यावर माहिती आणि समोर प्रत्यक्ष ऑर्का.

खरं सांगू? ते जनावर पाण्यातून वर उसळतं ना, तेव्हा सगळे वाद दोन सेकंद विसरायला होतात. काही टनांचा तो देह हवेत जातो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि धाडकन पाण्यात पडतो. पुढच्या रांगा ओल्याचिंब. लेक किंचाळत होती, नवरा व्हिडिओ काढत होता, बाबा चक्क शिट्टी वाजवत होते.

पडद्यावर मग ऑर्कांच्या कुटुंबाबद्दल माहिती आली, आणि मला घरी जाऊन आणखी वाचावंसं वाटलं. पॅसिफिकच्या वायव्य किनाऱ्यावर राहणाऱ्या काही ऑर्का आयुष्यभर आईबरोबर राहतात. मुलीच नाही, मुलगेसुद्धा! कळपात आजी, तिची मुलं, नातवंडं, कधी पतवंडंही असतात. पिल्लं होण्याचं वय उलटल्यावरही मादी कित्येक वर्षं जगते आणि मासे कमी असतात तेव्हा कळपाला वाट दाखवते. अशी आजी जिवंत असेल तर नातवंडं जगण्याची शक्यता वाढते, असं २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. थोडक्यात, आपली एकत्र कुटुंबपद्धती.

अशाच एका कुटुंबातून, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर, १९६९मध्ये कॉर्की नावाची मादी पकडली गेली. १९८७मध्ये ती सॅन दिएगोला आली. बंदिवासात तिला पिल्लं झाली, पण त्यांतलं एकही दोन महिने जगलं नाही. तिच्या नात्यातली मंडळी तिकडे समुद्रात अजून एकत्र फिरतात.

शो संपला. गर्दी उठली. लेकीने तिच्या वयाला शोभेलसा प्रश्न केला, “आता हे घरी जाणार?” आईने सांगितलं, “हेच त्यांचं घर.” लेक म्हणाली, “मग त्यांची आजी कुठाय?” आम्ही सगळ्यांनी एकदम व्हीलचेअरकडे बघितलं. आजी काही बोलली नाही. तिने पणतीचा हात हातात घेतला, एवढंच.

दुसरी बाजू पण ऐका

सगळं काळं-पांढरं फक्त ऑर्काच्या अंगावर असतं, बाकी जग जरा मिश्र आहे. याच सी वर्ल्डची बचाव टीम किनाऱ्यावर आजारी पडलेले सी लायन, सील, पक्षी उचलून आणते आणि बरे झाले की सोडून देते. त्यांची सर्वांत मोठी पेशंट होती जे. जे. जानेवारी १९९७मध्ये लॉस एंजेलिसजवळ ग्रे व्हेलचं नवजात पिल्लू आईवाचून किनाऱ्याला लागलं. त्याला इथे आणून नळीने दुधासारखं मिश्रण पाजलं. चौदा महिन्यांत साडेसातशे किलोंचं पिल्लू साडेआठ हजार किलोंच्या पुढे गेलं, आणि ३१ मार्च १९९८ रोजी त्याला समुद्रात सोडलं. जगात तोवर एवढा मोठा प्राणी असा सांभाळून कुणी परत पाठवला नव्हता. ही गोष्ट ऐकून आजी म्हणाली, “ह्या बरा केल्यानी.” दिवसभरातली तिची ती एकमेव फुल मार्कांची प्रतिक्रिया.

रात्री पिठलं-भात झाल्यावर बाबांनी विषय काढला. पुराव्याचा निकाल काय? त्यांचा पहिला मुद्दा कायम होता. एवढे लोक येतात म्हणजे केवढे रोजगार! मुद्दा चूक नाही. गावातली तरणी पोरं मुंबईला पळतात हे दुःख त्यांनी स्वतः भोगलंय, ते स्वतः १९व्या वर्षी असेच आले होते. पण पुढे ते म्हणाले, “आज गाडी लावली तो पार्किंग लॉट बघितलास? आपली अख्खी वाडी त्यात मावेल.” नवऱ्याने आठवण करून दिली, की भारताने मे २०१३मध्येच डॉल्फिनेरियमना मनाई केली आहे, म्हणजे आपल्याकडे असा शो होणंच कठीण. बाबा म्हणाले, “मग उरतो तो पार्किंग लॉट.”

त्यानंतर त्यांनी काकांना फोन लावला. माफीबिफी कुणी मागितली नाही, कोकणी माणसं आहोत आम्ही. आंबा कसा आहे, पाऊस कधी धरेल, तुझा मुलगा पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो तो धंदा कसा चाललाय, असं पंचवीस मिनिटं चाललं. आजी शेजारच्या खोलीत जागी होती. दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलतायत, हे तिने भिंतीपलीकडून शेवटपर्यंत ऐकलं.

तिकीट नसलेला शो

दुसऱ्या दिवशी आम्ही ला होयाला गेलो. सी वर्ल्डपासून वीसेक मिनिटं. इथे १९३१मध्ये मुलांना सुरक्षित पोहता यावं म्हणून एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंच्या पैशांतून समुद्रात भिंत बांधली. नाव ‘चिल्ड्रन्स पूल’. नव्वदच्या दशकात सील आले आणि त्यांनी तो पूलच ताब्यात घेतला! आता १५ डिसेंबर ते १५ मे या बाळंतपणाच्या काळात ती वाळू माणसांना बंद असते, वरून बघायचं. शेजारच्या खडकांवर सी लायन पहुडलेले, भांडणारे, ढेकर देणारे. ना पडदा, ना संगीत, ना टाळ्या. एक सील आई पिल्लाला नाकाने ढोसत पाण्याकडे नेत होती. लेक तासभर हलली नाही. आजीही.

जाणार असाल तर

* मे-जूनमध्ये सकाळी जॅकेट हवंच. दुपारी उघडतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन.
* तिकिटं आणि शोच्या वेळा आधीच ऑनलाइन बघा. गेटवर रांगेत दिवसाची सुरुवात नको.
* ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर भाड्याने मिळते. लाजू नका, दिवसभराचं चालणं आहे.
* जेवणाचा डबा गाडीत ठेवा. मिशन बेच्या सार्वजनिक हिरवळीवर बसून थालीपीठ खाण्यासारखं सुख नाही.
* शोच्या पुढच्या रांगा ‘भिजणाऱ्यांसाठी’ असतात. पाणी थंड असतं, आणि मोबाइलही तुमचाच असतो.
* ऑर्का बंदिस्त बघायचे नसतील, तर डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सॅन दिएगोहून बोटीने ग्रे व्हेल बघायला जा. त्या अलास्काकडून मेक्सिकोला बाळंतपणासाठी जातात आणि पिल्लांना घेऊन परततात.
* मुंबईहून जवळ हवं असेल तर अबू धाबीचं सी वर्ल्ड आहे. तिथे ऑर्का ठेवलेलेच नाहीत.
* आणि आजी असेल तर तिला नक्की घेऊन जा. मार्गदर्शक पुस्तिकेत नसलेले प्रश्न तीच विचारते.