पेट्रोलात पाणी नव्हतं

मित्रांनो, तुमच्या अंकात कविता येतात, मोर्च्यांची टिपणं येतात. मी इंजिनातलं लिहितो. मला तेवढंच येतं.

१९८७ सालची गोष्ट. मी चंद्रपूरच्या एका ग्यारेजात हेल्पर होतो. हेल्पर म्हणजे पार्ट धुणं, ग्रीस भरणं, चाक खोलणं. कारबोरेटरला हात लावायचा नाही. उस्ताद ट्यूनिंगला बसला की माझ्याकडे पाठ करायचा. नाजूक काम तुमच्या लोकांचं नाही, असं तोंडानं कधी म्हटलं नाही. पाठच सांगायची. मी पाठीमागं उभा राहून कानानं शिकलो. कोणता स्क्रू फिरला की आवाज कसा बदलतो, ते डोळ्याआधी कानाला कळलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी सिरोंच्याहून निरोप आला. तिथं घाटावर एका ठेकेदाराची मोटारबोट होती. पैलतीरी तेव्हा आंध्र, आता तेलंगण. बोट लाकडी, पोटात जुन्या जीपचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मधल्या धारेत इंजिन अडखळायचं आणि बोट वाहत जायची. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८६ मध्ये, लोकांनी गोदावरीचा महापूर पाहिला होता. त्या बोटीत बसायला कोणी धजेना. उस्ताद तापानं पडलेला. शेठ म्हणाला, "जा बे तू. कारबोरेटर साफ कर अन् ये."

मी घाटावर पोचलो तर निकाल आधीच लागला होता. बोटीतलं पाणी उपसायला एक पोरगा होता, सोळा-सतरा वर्षांचा, मादगी वस्तीतला. मुनीम म्हणाला, "हाच पोट्टा पेट्रोल चोरते. वरून पानी टाकते. म्हनून बोट अडते." पोराची दोन महिन्यांची मजुरी अडवून ठेवली होती. पोरगा मोडक्या मराठीत एवढंच बोलला, "अन्ना, मी नाही केला."

खरं सांगतो, मलाही वाटलं, केलं असेल.

पण तपासायला लागतं काय? एक काचेची बाटली. पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीच्या तळातून बाटलीभर पेट्रोल काढलं आणि उन्हात धरलं. पाणी असतं तर खाली वेगळं बसलं असतं. नव्हतं. कारबोरेटरच्या फ्लोटखालचं पेट्रोल काढलं. तेही साफ. दहा मिनिटांत पोरावरचा आरोप संपला. दोन महिन्यांत कोणी बाटली धरली नव्हती.

मग इंजिनाकडे वळलो. आधी इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडून ठेवलं. गाडीतून पेट्रोल गळलं तर रस्त्यावर पडतं, वाफ उडून जाते. बोटीत ती जड वाफ तळाशी साचते. एक ठिणगी पडली की बोट माणसांसकट पेटते. वास पूर्ण गेल्यावरच स्टार्ट केलं.

गियर न टाकता इंजिन गोड चालत होतं. आधीचे मिस्त्री इथंच फसले. बोटीचं इंजिन रिकामं फिरवून काही कळत नाही. पंख्यावर पाण्याचा भार आला की खरं बाहेर येतं. बोट काठाला दोरानं घट्ट बांधली आणि गियर टाकला. हळूहळू रेस दिली, इंजिनानं घेतली. पूर्ण रेसवर धरून ठेवलं, चाललं. एकदम रेस दिली. खोकलं, कारबोरेटरातून फटका मारला आणि बसलं.

अर्धं उत्तर यातच होतं. जेट चोक असतं तर पूर्ण रेसवर इंजिन टिकलंच नसतं. पॉइंट, कंडेन्सर, प्लग कमजोर असते तर भारावर सारखं मिसिंग केलं असतं. तरी प्लग काढून पाहिले, पॉइंटमधली फट फीलर गेजनं मोजली. ठीक होतं. मग चोक अर्धा ओढून एकदम रेस दिली. अडखळणं कमी झालं. म्हणजे त्या क्षणाला हवा जास्त, पेट्रोल कमी.

रेस एकदम दिली की हवा लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. ती उणीव भरायला कारबोरेटरात एक लहान पंप असतो, तो पिचकारी मारतो. इंजिन बंद केलं, कारबोरेटरचं तोंड मोकळं केलं, लिव्हर ओढून आत पाहिलं. पिचकारी नाही. थेंबसुद्धा नाही. पंप खोलला. दट्ट्यावरची चामड्याची वायसर वाळून आकसली होती. हिवाळाभर बोट काठावर पडून होती. पेट्रोल उडालं, चामडं वाळलं.

नवा पार्ट आणायचा तर चंद्रपूर गाठावं लागणार, तिथंही मिळेल याची खात्री नाही. पोरगा म्हणाला, "अन्ना, माझा आजा कापून देते."

माझा पाय उचलेना. माझ्या बापानं १९५६ नंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. घरात चामड्याचा तुकडा येऊ दिला नाही. त्यानं सोडलं ते बरोबरच केलं. पण मी त्यातून काय शिकलो होतो? मादगी वस्तीत जायला लाजणं. उस्तादाची पाठ मला रोज दिसायची. माझी पाठ मला दिसली नव्हती.

गेलो. म्हाताऱ्यानं जुनी वायसर बोटांत फिरवून जाडी ओळखली. मऊ चामडं निवडलं, भिजवून दट्ट्यावर वाटीसारखं बसवलं, सुकल्यावर रात्रभर तेलात मुरवलं. मी त्याच्या घरचं पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी लिव्हर ओढला आणि पिचकारी उडाली. मधल्या धारेत तीनदा एकदम रेस दिली. तिन्ही वेळा बोट उसळून पुढे गेली.

मुनीम म्हणाला, "लिही, कारबोरेटर साफ केला." मी वहीत लिहिलं: पेट्रोलात पाणी सापडलं नाही. पंपाची वायसर वाळली होती, बदलली. खाली तारीख आणि सही. मुनीम चिडला, "एवढं कायले?" मी म्हटलं, "पुन्हा अडली तं कामी येईन."

पोराचं काम टिकलं. मजुरी मिळाली ती एकाच महिन्याची. दुसऱ्या महिन्याची मी मागितली नाही. शेठ मला काढून टाकेल ही भीती होती. ते अजून टोचतं.

आता सिरोंच्याजवळ नदीवर पूल आहे. नव्या गाड्यांतून कारबोरेटर गेला. पण काम बिघडलं, काही चोरीला गेलं, तर पहिलं बोट कोणत्या वस्तीतल्या पोराकडे जातं, ते तुम्हाला सांगायला नको. तिथं मोर्चा जरूर न्या. त्याआधी बाटली उन्हात धरा. दिसलं ते वहीत लिहा, खाली सही करा. आणि त्या पोराची मजुरी पूर्ण मागा.