भूप ऐकताना, देशकार ऐकताना

व्याख्येने भूप कुणाला कळल्याचं मी पाहिलेलं नाही. सा रे ग प ध, मध्यम-निषाद वर्ज्य, वादी गंधार, समय रात्रीचा पहिला प्रहर. एवढं तोंडपाठ झालं तरी कान कोराच राहतो. मला भूप भेटला तो किशोरी आमोणकरांच्या ‘सहेला रे’मधून. पहिल्या उदाहरणाचा असा लळा लागतो, की ते नुसतं उदाहरण आहे याचाही विसर पडतो. मग दुसरी बंदिश कानावर येते, तिसरी, कधी नुसती बासरी. शब्द बदलतात, ताल बदलतो, गळा बदलतो, आणि एवढ्या बदलांतून जे बदलत नाही ते सावकाश तळाशी साचत जातं. फिरून फिरून गंधारावर विसावणं. पंचमापर्यंत जाऊन पुन्हा त्याच्याकडेच वळणं. हे कुणी शिकवलं, सांगता येत नाही.

तरी भूप खरा उमगतो तो देशकार ऐकल्यावर. स्वर तेच पाच, एकही कमी-जास्त नाही. पण दोन आवर्तनांतच कान सावध होतो. इथे सत्ता धैवताची. गाणं वरच्या अंगाला, तार षड्जाच्या आसपास रेंगाळतं; रिषभाला ओझरता स्पर्श, बस्स. त्याच पाच स्वरांत आता सकाळ झालेली असते. (मारवा, पूरिया, सोहनी यांचंही असंच, पण ती वाट जरा अवघड.)

भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा, आणि तो मध्यम तर दोन्ही रागांत नाहीच! म्हणजे स्वरांची यादी इथे कामाची नव्हती. निवाडा झाला तो रागाच्या चलनावरून. भातखंडे वकिली शिकलेले, नियमांचे भोक्ते. पण त्यांच्या क्रमिक पुस्तकांची पानं बंदिशींनीच भरलेली आहेत. शिवाय रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारी लक्षणगीतंही त्यांनी रचली. मला ही युक्ती फार आवडते.

गाणं शिकवणाऱ्यांना एकच विनंती: भूप पक्का होईपर्यंत देशकार दूर ठेवू नका. दोन्ही एकाच बैठकीत, पाठोपाठ ऐकवा. समयाचा नियम त्या दिवसापुरता मोडला तरी चालेल.