अर्ध्या सेकंदाची चाहूल

डेबियन या संगणकप्रणालीच्या स्थिर आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावं मिळतात. बुकवर्म, ट्रिक्सी, आणि आता यायची असलेली फोर्की. सिड हे पात्रही त्याच मालिकेतलं, पण तो खेळणं नव्हे; तो शेजारचा मुलगा, हाती येईल ते खेळणं मोडून पाहणारा. डेबियनची जी शाखा कायम घडत असते, कधीच पूर्ण होत नाही, तिला त्याचं नाव आहे. बाकीची नावं दोनेक वर्षांनी पुढे सरकतात. सिड जागचा हलत नाही, आणि तरी रोज वेगळा असतो.

माझा रोजच्या कामाचा संगणक सिडवर चालतो. सकाळी चहाचं आधण ठेवलं की अपग्रेडची आज्ञा द्यायची. काळ्या पडद्यावर याद्या उतरू लागतात: काय नवं येणार, काय बदलणार, काय काढलं जाणार. सिडवर रुळलेला माणूस ही शेवटची यादी आधी वाचतो. एखादी लायब्ररी नव्या रूपात आलेली असते, तिच्या आधाराने चालणारे प्रोग्रॅम अजून नव्याने बांधून झालेले नसतात, आणि संगणक विचारतो, हा सगळा डेस्कटॉप काढून टाकू का? तेव्हा ‘नाही’ म्हणायचं आणि दोन दिवस थांबायचं. २०२४च्या सुरुवातीला तर हे थांबणं काही आठवडे चाललं. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या प्रणालींचा हिशेब १९ जानेवारी २०३८ला संपतो. त्याची तजवीज म्हणून शेकडो लायब्रऱ्या एकदम बदलायला घेतल्या होत्या. अर्धं गाव जुन्या पत्त्यावर, अर्धं नव्या, अशी अवस्था. चौदा वर्षं पुढची अडचण कुणीतरी आज अंगावर घेतंय, हे त्या लांबलचक याद्यांमधून डोळ्यांपुढून जाताना पाहण्यात मला विलक्षण आनंद वाटायचा.

सिडमध्ये आलेलं पॅकेज साधारण दोन ते दहा दिवस तिथे थांबतं. त्या मुदतीत कुणाची गंभीर तक्रार आली नाही, इतर चाचण्या पार पडल्या, की ते ‘टेस्टिंग’मध्ये उतरतं, आणि तिथून यथावकाश स्थिर आवृत्तीत. म्हणजे जो नुसता वापरतो, पत्रं लिहितो, छायाचित्रं चाळतो, त्याच्या वापरालाही इथे वजन आहे. तक्रार न येणं ही एक साक्ष आहे, पण कुणी खरोखर वापरत असेल तरच.

आणि बिघडलं तर लिहायचं. आपल्या अडचणी लपवणार नाही, असं वचन डेबियनने १९९७च्या सामाजिक करारात दिलं आणि सगळ्या तक्रारी उघड्यावर ठेवल्या. चांगली तक्रार लिहिणं ही मला लेखनाची एक निर्मळ जात वाटते. त्यात राग नको, अंदाज नको. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. वाचणारा हजारो मैलांवर असेल, त्याला आपला पडदा दिसत नाही. तरी त्याच्या यंत्रावर तोच बिघाड जसाच्या तसा घडला पाहिजे.

पण लिहिण्याआधी बिघाड जाणवावा लागतो. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. २०२४च्या मार्चमध्ये ते डेबियन सिडवर गतीच्या बारीक मोजण्या करत होते. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच या सोयीला एरवी ०.३ सेकंद लागायचे, ते आता ०.८ लागत होते. अर्धा सेकंद. रोजच्या पायवाटेवरची एखादी फरशी हलली की डोळ्यांआधी पायाला कळतं, तसं त्यांना ते कळलं. त्याच्याही आधी चाचण्यांमध्ये आलेली एक विचित्र सूचना त्यांच्या लक्षात होती. धागा ओढत ते एक्सझेड या फायली आवळणाऱ्या छोट्या साधनापर्यंत पोचले. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं निगुतीने काम करून विश्वास कमावला होता आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. तोही चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवून. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो शिरलाच नव्हता. तिथे पोचला असता तर जगभरच्या सर्व्हरांची दारं कुणा अनोळखी हातात गेली असती.

त्यांची बुद्धी मोठी, यात शंका नाही. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की नेहमीचं कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि वेगळं वाटल्यावर त्यांनी ते ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडलं नाही.

मराठीपुरतं पाहिलं तर ही नजर दुसरं कुणी आपल्यासाठी ठेवू शकत नाही. एका वाचन-प्रोग्रॅमच्या कच्च्या आवृत्तीत मला ‘दऱ्या’ फुटलेलं दिसलं. द, मग खाली टिंब असलेला र, त्याला लटकलेला हलन्ताचा पाय, आणि शेजारी सुटा या. र आणि य यांना जोडणारी ती भुवईसारखी रेघ गायब. देवनागरी न वाचणाऱ्याला यात काही बिघडलंय हे कळायला मार्गच नाही. मी तक्रारीत त्या शब्दाचे पाच संकेतांक ओळीने दिले, ०९२६, ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई. फुटलेल्या शब्दाचं चित्र जोडलं, शेजारी नीट छापलेल्या शब्दाचं. उत्तर देणाऱ्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याने आणखी तीन शब्द मागितले, मी ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ पाठवले. ते आता त्या प्रोग्रॅमच्या स्वयंचलित चाचण्यांत आहेत. प्रत्येक नव्या बदलानंतर कुठलंतरी यंत्र मराठी पायऱ्या नीट उमटतात का ते तपासतं.

हे सांगताना माझा ऊर भरून येतो, पण मराठी लिहिणारे सिडवर फार थोडे भेटतात, ही माझी खरी खंत आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाने उमटतात का, ‘ॲ’ प्रत्येक फाँटात आहे का, यादी अकारविल्हे लावताना ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आपापल्या जागी बसतात का, हे स्थिर आवृत्ती हाती आल्यावर पाहिलं तर उशीर झालेला असतो. फोर्कीसाठी बदल घेणं थांबण्याआधी मला निदान अकारविल्हे लावणं तरी तपासून घ्यायचं आहे. शब्दांची यादी तयार आहे. आणखी दोघंतिघं आपापल्या यंत्रांवर ती चालवायला तयार झाले, तर निकाल ताडून पाहता येतील.