पाने आणि फळ

नव्या शोधाची वार्ता वाचली की आमच्या मनात प्रथम हाच प्रश्न येतो: तो कितपत परिपक्व झाला आहे? अमेरिकेतील नासा संस्थेत स्टॅन सॅडिन यांनी १९७४ साली याकरिता सात पायऱ्यांची मोजपट्टी आखली. पुढे तिच्या नऊ झाल्या. पहिलीवर केवळ मूलतत्त्व, शेवटचीवर प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेले यंत्र.

हल्ली पायरी ठरविण्यास संगणकाचेही साह्य घेतात. असंख्य शोधनिबंध वाचून तो शब्द मोजतो: ‘प्रयोग’ अधिक, की ‘उत्पादन’ व ‘देखभाल’? युक्ती चतुर खरी. तथापि शब्द ही पाने होत, फळ नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत, सूर्याप्रमाणे अणुकेंद्रे जुळवून, लक्ष्यावर पडलेल्या २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाली. वार्तांचा पूर लोटला. परंतु ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती!

विद्यार्थी मित्रहो, कोणती विद्या शिकावी हे ठरविताना, आणि पालकहो, तिचे शुल्क भरण्यापूर्वी, नुसत्या गाजावाजास भुलू नये. पानांनी डवरलेल्या अंजिराजवळ प्रभू गेला, तो फळ पाहावयास. आम्हीही तेच पाहतो.