आजीची साठ मिनिटं

परवा श्रीवर्धनच्या घरी माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात एक कॅसेट सापडली. ६० मिनिटांची. वर बाबांच्या अक्षरात 'आई, दिवाळी १९८८'. आजीचा आवाज असलेली आमच्याकडे ही एवढीच वस्तू!

फितीवर समुद्राकाठच्या दमट हवेची बुरशी नव्हती, हे नशीबच. शेजारच्या काकांकडून टेपरेकॉर्डर आणला, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं आणि त्याच्या हेडफोनच्या जॅकमधून लॅपटॉपला वायर जोडली. अर्ध्या तासाने ऐकतो तर काय, कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर, बायकोच्या हाका... आजी सोडून सगळे हजर! हल्लीच्या लॅपटॉपला कान आणि माइक मिळून एकच जॅक असतो. साधी पिन खोचली की त्याला वाटतं हेडफोन लावलेत. मग तो आपल्याच माइकवर घर ऐकत बसतो.

शेवटी लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड मागवलं, ऑडॅसिटीत तेच निवडलं, आवाजाची पट्टी लाल होऊ नये इतकी खाली आणली. एक बारीक गुणगुण येत होती, ती चार्जर काढल्यावर थांबली. (हे तासभर डोकं खाजवल्यावर सुचलं. असो.)

कॅसेट कॉपी करायला घाई चालत नाही. ६० मिनिटांना ६० मिनिटंच लागतात, म्हणून बसून ऐकलं. "ह्याच्यात खरंच बोलायचं? मग आधी पाणी दे," इथपासून सुरुवात.

मागे फितीची खरखर होती. ऑडॅसिटीला शांत जागेचा नमुना दाखवला की तो तसला आवाज सगळीकडून काढतो. काढला. आजी अगदी स्वच्छ झाली, पण कुठेतरी बंद खोलीत बसल्यासारखी. पुन्हा मूळ ऐकलं तेव्हा कळलं, त्या 'शांत' जागेत आमची वाडी होती. पोफळींची सळसळ, वाऱ्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ती वाडी आडवी झाली. नवी रोपं लावलीत, पण सळसळायला अजून अवकाश आहे.

केलेलं सगळं उलटवलं. खरखरीसकट फाइल ठेवली आहे, ६०० एमबीच्या आसपास. भावंडांनो, पेनड्राइव्ह घेऊन या.

आणि आत्या, दुसऱ्या बाजूला मध्येच एक मुलगी खळखळून हसते आणि आजी तिला दटावते. ती तूच ना?